अंगठ्यापर्यंत न पोचलेला सूर

मी एक जुना नादकाटा आहे, मित्रांनो. वीतभर लांबीचा, दोन भुजांचा, पोलादी. कारखान्यात मला असं घासून बेतलं, की आपटताच सेकंदाला बरोबर एकशे अठ्ठावीस वेळा थरथरायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत माझी वर्णी लागेल असं वाटलं होतं. नशिबात होती डॉक्टरबाईंची तपासणीची खोली, आणि मधुमेह झालेल्या माणसांचे पाय.

बाई मला तळहातावर आपटून माझा दांडा पायाच्या अंगठ्यावर टेकवायच्या. "थरथर कळतेय? थांबली की सांगा." आणि मी थक्क व्हायचो! माझी एवढीशी कंपनं पोटरी, मांडी, पाठीचा कणा चढून पापणी लवायच्या आत मेंदूत पोचायची. केवढी नाजूक वाट, आणि केवढी लांब! पण रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की ती वाट पार टोकाकडून विझत येते. पुष्कळदा ना दुखणं, ना खुपणं.

आमच्याकडे पियानो सुरात लावणारे एक गृहस्थ यायचे. बाई त्यांना सूरकाका म्हणत. दर तपासणीला डोळे मिटून ते अचूक सांगायचे, "आता थांबलं." बाई खूश व्हायच्या. "काका, तुमच्या पायांना तोड नाही!" मीही फुशारून जायचो.

एका सकाळी त्यांची मुलगी त्यांना हाताला धरून घेऊन आली.

"बाबांचा मोजा रक्तानं भिजलाय, आणि म्हणतात काही झालंच नाही!"

"अगं, दुखायला तर हवं ना?" काका हसत म्हणाले.

बाईंनी मोजा उतरवला. तळव्यात, करंगळीच्या खाली, पियानोचा एक बारीक स्क्रू रुतला होता. भोवती लाल सूज, पू. दोन दिवस काका त्यावर उभे राहून काम करत होते.

बाईंचा चेहरा उतरला. "पण गेल्याच महिन्यात तर तुम्हाला सगळं कळत होतं." त्यांनी मला उचललं. "डोळे मिटा, काका." मला आपटून त्यांनी अंगठ्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. केसाएवढं अंतर राखलं.

"कळतंय?"

"हो, अगदी स्पष्ट."

मुलीनं तोंडावर हात ठेवला. "बाबा, तो काटा तुमच्या पायाला लागलेलाच नाहीये."

काकांनी डोळे उघडले. ज्या कानांनी त्यांनी आयुष्यभर सूर जुळवले, तेच कान पायाच्या वतीनं उत्तर देत होते. काकांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"म्हणजे इतके दिवस मी कानांनीच चालत होतो?"

"चूक माझीही आहे, काका. मला आधीच कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काकांच्या कानांत घट्ट कापूस घातला आणि मला अंगठ्यावर टेकवलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. मग बाईंनी मला घोट्याच्या हाडावर टेकवलं. एकदम त्यांचे डोळे भरले. "इथे येतंय. हे मात्र खरं येतंय!"

पू आत पसरला होता, पायाची करंगळी काढावी लागली. जखम भरायला चार महिने गेले. पाऊल मात्र वाचलं.

पुढे थरथर कितपत कळते ते आकड्यांत दाखवणारं नवं यंत्र आलं आणि मी खणात पडलो. तरी काका आले की बाई मला बाहेर काढतात. सात वर्षं झाली. अंगठा मुकाच आहे, पण घोटा अजून दाद देतो. साखर ताब्यात ठेवून काकांनी वाटेचं विझणं तिथेच रोखून धरलं आहे. रोज सकाळी ते आरशात तळवे बघतात, बुटात हात घालून चाचपतात, मगच बूट घालतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल, तर त्यांच्या पायांशी दोन मिनिटं बसा. बोटांच्या बेचक्या बघा, टाचा बघा. "दुखत नाही" एवढ्या उत्तरावर उठू नका. जिथे कळेनासं झालंय, तिथे तुमचे डोळे पोचू द्या.