नमुन्यापुरतं

एकतीस वर्षं मी खरेदी विभागात कारकुनी केली आणि या काळात नमुना पाहिल्याशिवाय केरसुण्यांचा साधा गठ्ठाही कार्यालयाच्या आत येऊ दिला नाही. त्यामुळे निवृत्तीला तीन महिने उरले असताना, निरोपसमारंभात व्यासपीठावर बायको माझ्या शेजारी बसणार आणि तिच्याआधी तिचं पोट लोकांना दिसणार, हे लक्षात आल्यावर मी जो मार्ग काढला तो माझ्या स्वभावाला धरूनच होता.

शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, जेवणाच्या सुट्टीत जाऊन यावं इतकं सोपं काम, असं पोटाची चरबी कमी करून देणाऱ्या एका दवाखान्याच्या माहितीपत्रकात छापलं होतं. तिथल्या सल्लागार बाईंनी आम्हाला दोन यंत्रं दाखवली. एक चरबी गोठवणारं, दुसरं तापवून वितळवणारं.

“यातलं चांगलं कुठलं?” मी विचारलं.

“दोन्ही चांगली.”

असं फक्त विकणाराच म्हणतो. “मग असं करा,” मी म्हणालो, “डावीकडे गार लावा, उजवीकडे गरम. महिन्याने बघू आणि पसंत पडेल ते पुढे चालू ठेवू.”

“अहो, मी काय पडद्याचं कापड आहे?” बायको म्हणाली.

“पडद्याचं कापड असतीस तर दुकानदाराने तुकडा घरी नेऊ दिला असता.”

ती हसली. माझ्या बोलण्यावर हसायची तिला सवय होती. सल्लागार बाई मात्र हसल्या नाहीत. “बरेच नवरे असंच सांगतात,” म्हणत त्यांनी जांभळी पेन्सिल काढली आणि बायकोच्या छातीच्या हाडापासून बेंबीखालपर्यंत सरळ रेघ ओढली.

रेघ पोटापुरतीच होती. हे मी खात्रीने सांगतो, कारण मी समोरच उभा होतो.

गार बाजू काही दिवस बधिर राहील आणि गरम बाजू हुळहुळेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की मी तिच्या डाव्या बाजूला बसलो की जेवण शांतपणे होतं. भाजी गिळवत नाही म्हटलं की “उद्या नीट करते,” एवढंच उत्तर यायचं. तेच वाक्य उजवीकडून टाकलं तर, “मग करा की स्वतः!” लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो. मी खुर्ची कायमची डावीकडे हलवली. आमच्या मुलीनेही ते हेरलं होतं. “बाबा, आईला डावीकडून हाक मारत जा, एका हाकेत येते,” ती म्हणाली, आणि आम्ही बापलेक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्याच आठवड्यात बायकोची थोरली बहीण गेल्याचा फोन आला. बायको खिडकीपाशी उभी राहून बराच वेळ रडली, आणि रडली ती एकाच डोळ्याने. उजवा गाल, मान, खांद्यावरचा कपडा भिजून गेला. डावा डोळा खालच्या रस्त्यावरची रहदारी बघत होता.

नंतर ती माझ्याकडे वळली. “अहो, हे थांबवता येईल का? मला उजवीकडे फार एकटं वाटतं.”

“वय झालं तुझं,” मी म्हणालो, आणि उठून तिच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो. तिकडून तक्रार नव्हती.

महिना भरला. सल्लागार बाईंनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. “मग? कोणती ठेवायची?”

क्षणभर मला वाटलं, त्या उपचारपद्धतीबद्दल विचारत आहेत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तसं नाही हे कळलं. खुलासा मागावा असं मात्र मला वाटलं नाही.

“आणि दुसरी?” मी एवढंच विचारलं.

“तिचं आम्ही बघतो.”

सोबत आलेल्या मुलीने मोबाइलमधून मान वर काढली नाही. “डावीच, बाबा. त्यात विचार कसला करायचा?”

मी बायकोकडे पाहिलं. ओठांची डावी कड प्रसन्न होती. उजवी कड जेमतेम हलली. “अहो,” ती म्हणाली, “मी आता उलट नाही बोलणार.”

सही करायला मला वेळ लागला नाही. सहीसाठी कुणाला ताटकळत ठेवणं मला कधीच आवडलं नाही.

परिचारिका तिला आत न्यायला आली तेव्हा ती उठेना. उजव्या हाताने तिने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती. मुलगी ओशाळून इकडेतिकडे बघू लागली.

“सोड,” मी म्हणालो.

तेव्हा तिचा डावा हात मांडीवरून उठला, सावकाश पलीकडे गेला आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोडवू लागला.