पाप्याला गार लागणारा दगड

अहेरीच्या बाजाराच्या दिवशी भाजीपेक्षा लोहबाबाच्या मांडवात गर्दी जास्त. गुडघे, कंबर, जुन्या जखमा घेऊन माणसं चटईवर बसलेली. बाबा एक काळा दगड कापडात बांधून दुखत्या जागी ठेवायचा आणि त्याचं तोंड सुरू व्हायचं, "सूरजागडाच्या लोखंडी डोंगराच्या पोटातला दगड हाय, बेटा. आत आग हाय. मन साफ असंल त्याले गरम लागंल, पाप्याले गार." आता भर बाजारात 'मला गार लागतो' म्हणायला कोण उठणार? सगळ्यांना गरमच लागत होतं.

देवरावांनाही लागलं. निवृत्त वनरक्षक, शब्दाला वजन. गुडघ्यातून ऊब चढली तसे ते उभे राहून म्हणाले, "मी कोनत्या बाबाले मानत नाई. पन हे खरं हाय." दुसऱ्या बाजारी गर्दी दुप्पट झाली.

घरी त्यांनी बायकोच्या पायालाही दगड बांधला. कांताला साखरेचा आजार, तळव्याला जखम. दगड आणि गोळ्या एकत्र चालत नाहीत, असं बाबाचं फर्मान. देवरावांनी गोळ्या बंद केल्या. रोज विचारायचे, "गरम लागते ना?"

"लागते," कांता म्हणायची.

मग अंगठा काळा पडला आणि ती तापाने फणफणली. सरकारी दवाखान्यात डॉक्टर पुनम यांनी कापड सोडलं, तर आतून दगड निघाला.

"अंगठा काढावा लागेल. पाय वाचेल असं वाटतं."

देवराव तरी पुटपुटले, "पन मॅडम, मले खरंच गरम लागत होतं."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांना डोळे मिटायला लावून गुडघ्यावर पोटली बांधली. "बाबाचाच दगड आहे. आता सांगा."

"लागला. ऊब चढून राह्यली."

"सोडा आता."

देवरावांनी गाठ सोडली. आत बटाटा होता.

"गुडघा दुखला की घरी काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोहफुलं भाजून कापडात बांधतो. शेक घेतो."

"लहानपणापासूनच करत असाल. म्हणजे ही गाठ गुडघ्याच्या ओळखीची. कापड बांधलं की ऊब येणार, हे मन धरूनच बसतं. त्यात बाबाने पापाची भीती घातली. तुम्हाला ऊब लागली हे खरं, देवरावभाऊ. पण वाटण्याने जखम भरत नाही."

देवराव खाली मान घालून खाटेपाशी आले. "तुले तरी गरम लागत होतं ना?"

कांता भिंतीकडे पाहत राहिली. "एकदाबी नाई. तुमी इतक्या आशेनं विचारत होते. हो म्हनलं."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बाजारी ते मांडवात आले. "या, गार्डसाहेब," बाबा हसला. देवराव त्याच चटईवर उभे राहिले. हातात बटाटा होता.

"मीच तुम्हाले सांगतलं होतं, हे खरं हाय. माझ्या बायकोले एकदाबी गरम लागलं नाई, अन् तिचा अंगठा गेला. दगडात आग नाई. मले या बटाट्यानंबी गरम लागलं. दुखलं तर दवाखान्यात जा. अन् घरच्याले विचाराल, तर उत्तर आपनच त्याच्या तोंडात घालून विचारू नका."

बाबाने कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठ्याने मंत्र म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायनाबाईने गुडघ्याची गाठ सोडली आणि दगड चटईवर ठेवला.

"मलेबी कधी गरम लागलं नाई," ती खालीच पाहत म्हणाली. "वाटलं, मीच पापी आहो."