घरात कोणी नाही

ताईचा स्वतःवर भरवसा होता, आणि तो फुकाचा नव्हता. दिवसा ती पुलांचे नकाशे काढायची. उरलेला वेळ दिवे, कुलपं आणि सेन्सर यांच्यात जायचा. नाद म्हणा की वेड, पण तिच्या घरी एकाही खोलीत बटण शोधावं लागत नसे.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं तरी आपल्या वेगळ्या घरात, आतल्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांनी कामाचं टेबल मांडलं होतं. मागच्या महिन्यात संध्याकाळी घरातल्या बोळात दिव्याचं बटण चाचपडताना ते पडले. हाड वाचलं, पण दादाने निकाल देऊन टाकला, "आता बाबा माझ्याकडे राहतील."

दादाकडे जाणं म्हणजे टेबल मोडणं. बाबा नुसते भिंग पुसत बसले. ते पाहून ताईने दादाकडे एक महिना मागून घेतला.

"फोनवरून घर चालवायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं," दादा म्हणाला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चौथ्या रविवारी ये. बाबा दिवसभर एकटे राहतील, आपण न सांगता जाऊ. जमलं नाही तर तू म्हणशील तसं."

तिने मोठ्या कागदावर घर काढलं. बाबा कुठून कुठे जातात त्या रेघा लाल पेन्सिलीने ओढल्या आणि प्रत्येक रेघेवर सेन्सर बसवला. पाऊल पडलं की दिवा लागणार. दाराला आकड्यांचं कुलूप. घरात वीस मिनिटं कुठेच हालचाल नसेल तर दिवे बंद, दार बंद आणि ताईच्या फोनवर निरोप. प्रत्येक खोलीत दहा दहा वेळा येरझाऱ्या घालून तिने सगळं तपासलं. कुठेही चूक नव्हती.

ठरल्या रविवारी दुपारी चारला दोघं जिना चढत होते. तेवढ्यात फोन वाजला. "घरात कोणी नाही."

दादाने वाकून वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पडले असतील!"

ताईने आकडे दाबले, पहिल्यांदा चुकीचेच. दार उघडलं. बोळातला दिवा लागला, पण आतली खोली काळीकुट्ट.

"बाबा!"

"ओरडू नकोस," अंधारातून आवाज आला. "आणि आत ये, म्हणजे तुझा दिवा लागेल."

ती आत गेली, दिवा लागला. बाबा टेबलाशी ताठ बसलेले. डोळ्याला भिंग, चिमट्यात घड्याळाची केसाएवढी बारीक कमान.

"दिवा जाऊन दोन मिनिटं झाली असतील. हात हलवला की लागतो, माहीत आहे मला. पण हलवला असता तर ही गेली असती."

घोडं इथेच पेंड खात होतं. चालणाऱ्या माणसाचा तिने पुरता विचार केला होता, पण घड्याळजी काम करताना हलत नाही. लहानपणापासून समोर दिसत असलेली ही गोष्ट तिच्या नकाशात नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "माणूस समोर बसलाय आणि तुझं घर म्हणतंय कोणी नाही."

बाबांनी कमान जागेवर बसवली, भिंग काढलं आणि चक्क हसले. "तुमची आईसुद्धा दुकानात येऊन विचारायची, 'आहे का कोणी?' मी समोरच बसलेला असायचो. म्हणून तिने काय दुकान बंद करायला लावलं?"

ताईने बाह्या सरसावल्या. वजन ओळखणारी एक पट्टी तिने पलंगासाठी आणून ठेवली होती. ती बाबांच्या खुर्चीच्या गादीखाली गेली. खुर्चीवर माणूस असेपर्यंत दिवा विझणार नाही. काम चाळीस मिनिटांचं. मग फोन काढून तिने एक निरोप नव्याने लिहिला.

बाबा पुन्हा बसले. तिघंही जागचे हलेनात. वीस मिनिटं झाली, दिवा तसाच. फोन वाजला. तिने तो दादापुढे धरला.

"बाबा कामात आहेत."

दादाने ते दोनदा वाचलं. मग खिशातून स्वतःचा फोन काढून तिच्या हातात दिला.

"हा निरोप माझ्याकडेपण येऊ दे. रोज."