दिवसाची पहिली गाडी

सकाळी कामावर निघताना तनयाचा डबा ओट्याच्या कोपऱ्यावर तयार असायचा, पण आई दारात नसायची. वडील गेल्यापासून वत्सलाबाईंनी हा नेम आपणहून लावून घेतला होता. मुलगी कामाला निघाली की आपण दाराआड व्हायचं, विधवेचं तोंड तिला पहिलं दिसू नये. तनया डबा पिशवीत टाकायची, "येतंय गो आई," असं दाराला सांगायची आणि साखळी गावच्या स्टँडवर डिचोलीची बस पकडायची. या गोष्टीत काही वावगं आहे असं तिला कधी वाटलंही नव्हतं. सवयीचा काटा बोचत नाही, हेच तर त्याचं वाईट.

डिचोलीजवळच्या ज्या गोदामात ती काम करायची, तिथून हॉटेलांना भाजीपाला आणि किराणा जाई. पहाटेपासून गाड्यांची फाटकात झोंबाझोंबी चाले. ती थांबावी म्हणून मालक गौरेशबाबांनी गाड्यांच्या वेळा ठरवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते मांडायचं काम तनयाकडे दिलं. तिने एकेक डॉक त्यात भरला. कुठला डॉक कधी उघडतो, तिथे केवढी गाडी मावते, माल उतरायला किती वेळ लागतो, कोणाला परवानगी आहे. एक नंबरचा डॉक कोल्ड रूमला लागून होता, म्हणून पालेभाजी तिथे. चार नंबर मागच्या पत्र्याखाली, तिथे कांदे-बटाटे. मोबाइलवर जो आधी वेळ मागेल त्याला ती मिळणार. आठवड्याभरात फाटकातली भांडणं थांबली आणि तनयाला आपल्या कामाचा अभिमान वाटू लागला.

पहिली वेळ रोज नार्वे गावची शेवंती मागून घेई. नवरा कृष्णनाथ वारल्यावर त्याची पिकअप ती स्वतः चालवू लागली होती. नदीकाठच्या मळ्यातली तांबडी भाजी पहाटे कापायची आणि ऊन चढायच्या आत पोचवायची.

एका सकाळी गौरेशबाब डॉकवर उदबत्ती लावून, नारळ फोडून आत आले.

"ती शेवंती रोज पयली कशी येता गो?"

"ती आदी वेळ मागता, बाब."

"ता माका कळता. पण पयली गाडी म्हणजे दिसाची भवानी. घोव गेलेल्या बायलेची गाडी पयली लागलेली बरी न्हय. माजो विश्वास नाय हां. पण माजी आई बगता, हमाल बगतत. तिका धा वाजल्यानंतर घाल, चार नंबरार."

विश्वास नसलेल्या माणसांनीच या रूढी आजवर सांभाळल्या आहेत. तनयाने मान हलवली आणि शेवंतीच्या नावापुढे सकाळच्या वेळा बंद केल्या. सॉफ्टवेअरने कारण विचारलं. तयार कारणांच्या यादीत 'विधवा' नव्हतं. तिने 'तांत्रिक' निवडलं.

संध्याकाळी तिने हे आईला सांगितलं. वत्सलाबाई भाताची पेज काढता काढता म्हणाल्या, "बरां केलंस. धंद्याची सुरवात असता ती."

दुसऱ्या दिवशी शेवंती खिडकीपाशी आली. "बाय, मशीन बिघडला काय गो? माका सकाळची वेळच दाखवणा नाय."

"तांत्रिक काय तरी आसा," तनया तिच्याकडे न बघता म्हणाली.

पत्र्याखाली तांबडी भाजी किती तग धरणार? जुड्या माना टाकू लागल्या, माल परत जाऊ लागला. प्रत्येक परतीची नोंद सॉफ्टवेअर इमानदारीने करत होतं. पंधरवड्यात त्याने स्वतःच शेवंतीचं नाव बाद केलं, खराब मालाबद्दल. कोणालाच वाईट व्हावं लागलं नाही.

शेवंती शेवटचे क्रेट घ्यायला आली तेव्हा तनया बाहेर गेली. क्रेट उचलू लागताना तिचे डोळे वाहू लागले.

"तू कित्याक रडतंस?" शेवंती म्हणाली. "घोव होतो तेव्हा हीच गाडी पयली लागायची. मळो तोच, भाजी तीच. बदललंय ती मीच. माका कळला नाय असा वाटला तुका? हळदीक बोलवणत नाय, तेव्हाय कोण कारण सांगणा नाय."

तनया खुर्चीवर परत आली. शरमेने तिचे कान तापले होते. शेवंतीचं पान उघडून तिने 'तांत्रिक' पुसलं आणि लिहिलं, 'पुरवठादार विधवा असल्यामुळे दिवसाची पहिली गाडी तिला लावता येत नाही. मालकांचा आदेश.' मग ती सूचना सगळ्या पुरवठादारांना आणि हॉटेलांना पाठवून दिली.

गौरेशबाब मोबाइल हातात धरूनच आले. "ह्यां काय लिवलंस?"

"खरां तांच लिवलंय."

"काडून टाक ता."

"नियम काडू, बाब?"

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "नियम रवांदी. कारण काड. हॉटेलवाले काय म्हणतीत?"

"मग माका जमूचा नाय," तनया म्हणाली आणि टेबलाची चावी ठेवून निघाली. त्याच दुपारी दुसऱ्या कोणीतरी तिथे पुन्हा 'तांत्रिक' लिहिलं. शेवंती आता डिचोलीच्या बाजारात गोणपाट टाकून भाजी विकते.

सोमवारी तनयाला पणजीला नव्या नोकरीसाठी जायचं होतं. डबा ओट्याच्या कोपऱ्यावर होता. दार अर्धं लोटलेलं होतं.

"आई, फुडे ये."

"नव्या कामाक जातंस. माजां तोंड नको."

"तुजांच तोंड बघून जातलंय."

"असा करू नये, बाय. उशीर होतलो तुका."

तनया पायरीवर बसली. "तू भायर इल्याशिवाय मी उठूचंय नाय."

वळणावर पणजीच्या बसने हॉर्न दिला, क्षणभर थांबून ती निघून गेली. दाराआड वत्सलाबाईंचा श्वास ऐकू येत होता, पण पाऊल हललं नाही. तनयाने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ती तिथेच बसून राहिली.