लालला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी जुनी आहे, लाल आहे आणि जराशी गर्विष्ठही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला नावं ठेवायला नको. माझ्या पाठीवर कुणाचं नाव नाही. सामन्याच्या दिवशी मी कधी मैदानावर गेले नाही, माझ्यासाठी कधी टाळी वाजली नाही. मी सरावाची जर्सी. पण सरावाच्या मैदानावर माझा जो मान होता, तो भल्याभल्यांना मिळत नाही.

आमच्या अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, धडकाधडकीचा खेळ. वेडरबर्न कॉलेजची पोरं सरावाला उतरली की अर्धी पांढऱ्या जर्सीत असत, अर्धी निळ्या. लाल मात्र एकटाच, क्वार्टरबॅक. खेळ सुरू झाला की चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि तो पुढे कुणाकडे फेकायचा हे त्यानं पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. हा मोडला तर अख्खा संघ मोडतो. म्हणून सरावात बाकीच्यांनी एकमेकांची हाडं खिळखिळी केली तरी चालतं, पण लालला हात लावायचा नाही.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. शिवणाऱ्या बाईला सर्दी झाली होती एवढं आठवतं. तिच्या शिंका ऐकतच मी पेटीत गेले, आणि पेटी उघडली तेव्हा समोर लॉरीन होती. लॉरीन म्हणजे आमच्या संघाचे कपडे सांभाळणारी. सगळी पोरं तिला मिस लॉरीन म्हणत आणि तिच्या धाकात असत. तिनं मला उजेडात धरून म्हटलं, "अगं बाई, काय हा रंग! पिकलेला टोमॅटोच जणू." त्या दिवसापासून मला जो घालील तो तिचा टोमॅटो झाला.

मी बरेच टोमॅटो पाहिले. पण ज्याच्यासाठी माझा जीव तुटला तो एमेट.

टेक्ससमधल्या एका लहानशा गावाचा हा पोरगा अंगानं किडकिडीत होता आणि त्याच्या नाकावर वांगाचे ठिपके होते. त्याची आई शाळेतल्या मुलांना जेवण वाढायची. आमचे कोच स्ट्रिकलंड त्याला संघासाठी मागायला स्वतः त्याच्या घरी गेले होते. आईनं पीच घालून भाजलेला कॉबलर नावाचा गोड पदार्थ पुढे ठेवला, तो त्यांनी दोनदा मागून खाल्ला आणि बोटं पुसत म्हणाले, "बाई, आजपासून हा माझा मुलगा." एमेट ही गोष्ट इतक्यांदा सांगायचा की मला त्या कॉबलरचा वाससुद्धा यायला लागला होता.

पहिली दोन वर्षं स्वप्नासारखी गेली. त्याच्या हातातून चेंडू सुटला की वाऱ्याला विचारून जातोय असं वाटायचं. आमच्याकडचा वारा तसा द्वाड, कुणाचं ऐकत नाही. पण एमेटचा चेंडू तो अलगद पुढे न्यायचा. मी त्याच्या खांद्यावर फुगून उभी असायची. मला वाटायचं, मीच फेकला.

तेव्हाच एक गोष्ट मला दिसू लागली. चेंडू नीट झेलला गेला की बाकीची पोरं एकमेकांच्या पाठीवर धपाटे घालायची, छातीवर छाती आपटायची, गळ्यात पडायची. एमेटकडे मात्र दुरून अंगठा दाखवायची. पळत त्याच्यापर्यंत यायची आणि हातभर अंतरावर दोन्ही हात वर करून थांबायची, जणू म्हणायची, बघा कोच, मी हात लावला नाही. हळूहळू ही सवय मैदानाबाहेरही लागली. जेवणाच्या मोठ्या खोलीत त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. लाल रंग त्याच्या अंगावरून रोज उतरत होता, पण लोकांच्या डोळ्यांतून उतरत नव्हता.

यातून सुटला होता एकटा मलाकाई. हा टोंगा बेटांवरून आलेल्या घरातला पोरगा. अंगानं कपाटाएवढा, आवाज मात्र इतका मऊ की चर्चमधलं गाणं गुणगुणायला लागला की आम्ही कपडेसुद्धा गप्प व्हायचो. क्वार्टरबॅकला जाऊन पाडणं हेच त्याचं काम. सरावात तो धडधडत यायचा, एमेटसमोर थांबायचा आणि हात न लावता त्याच्यावर नुसती फुंकर मारायचा. की एमेट आडवा.

"मेलो! मला मारलं या डोंगरानं!" एमेट गवतावर लोळत ओरडायचा.

"ऊठ रे नाटक्या," मलाकाई म्हणायचा. "आत्ताशी कांदा खाल्लाय मी, त्याचा परिणाम असेल."

दुपारी दोन तासांच्या मध्ये वेळ असला की एमेट लॉरीनच्या खोलीत यायचा आणि वाळवणीच्या यंत्रातून नुकत्याच निघालेल्या गरम टॉवेलांच्या ढिगावर झोपायचा. लॉरीन त्याला हटकत नसे. "झोप रे टोमॅटो, पण लाळ गाळू नकोस," एवढंच म्हणायची. त्या ढिगात मीही असायची. यंत्रात गरगर फिरून माझं डोकं हलकं झालेलं असायचं. खिडकीतून कापलेल्या गव्हाचा धुरळा आत यायचा, एमेटचा श्वास माझ्यावर यायचा, आणि आम्ही दोघं कुठेतरी तरंगत असायचो. त्याची स्वप्नं मला थोडी थोडी कळायची. त्यांत आई असायची, टेक्ससचं ऊन असायचं, आणि खूप माणसं त्याच्या अंगावर रेलून बसलेली असायची.

तिसऱ्या वर्षी वारा फिरला. एमेटचे चेंडू समोरच्या संघाच्या हातात पडू लागले. का, ते कुणाला सांगता येईना, त्यालाही नाही. कोच आधी गप्प झाले, मग तिरके बोलू लागले. दुसऱ्या कॉलेजातला एक क्वार्टरबॅक त्यांनी आणून बसवला. एमेटशी मात्र ते बोललेच नाहीत. आपल्या जागी कुणीतरी आणलंय, हे बिचाऱ्याला त्या मुलाच्या नवीन लाल जर्सीवरून कळलं.

आणि मग एका मंगळवारी सरावात एमेटनं पुन्हा चुकीचा चेंडू फेकला. कोचनी शिट्टी वाजवली. सगळं मैदान थांबलं.

"काढ ती लाल," कोच म्हणाले.

"कोच?"

"ऐकू येत नाही? तिनंच तुला मऊ केलंय. काढ! मलाकाई, इकडे ये. आज फुंकर नाही. आज याला पाडायचं."

"कोच, त्याच्या अंगावर—"

"त्याच्या अंगावर आता लाल नाहीये. पुढच्या वर्षी तुला या संघात राहायचंय की नाही?"

मी गवतावर पडले होते. एमेट पांढरी जर्सी घालून उभा राहिला. चेंडू त्याच्या हातात आला, आणि मलाकाई पूर्ण वेगानं धावून गेला. मी जमिनीला टेकलेली, म्हणून मला जे दिसलं ते उभ्या माणसांना दिसलं नाही. एमेट मागे कोसळताना मलाकाईनं आपला पंजा त्याच्या डोक्यामागे घातला. हेल्मेट जमिनीवर आपटलं, ते त्या पंजावर. एमेटला ते कळलंही नाही. तो उठला, गवत झटकलं आणि कुणाकडे न बघता चालू लागला. मलाकाई मूठ काखेत दाबून तिथेच बसून राहिला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. "कोचनी सांगितलं म्हणून पाडलंस, ते समजलं," एमेट त्याला सगळ्यांदेखत म्हणाला. "पण तुला जरा हळू धावता आलं असतं."  मलाकाईच्या दोन बोटांना पट्टी होती. एमेटनं ती पाहिली आणि कडवट हसला. "बघ, मारणाऱ्यालाही लागतं," म्हणाला.

मित्रांनो, कपड्याला तोंड नसतं. मी काय करणार? तो ढिगावर येऊन झोपला की मी सरकत सरकत त्याच्या गालाखाली जायची आणि जे पाहिलं ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा पाहायची. एकदा त्याच्या स्वप्नात एक मोठा पंजा आला. पाण्यावर डोकं ठेवावं तसं त्यानं त्या पंजावर डोकं ठेवलं होतं. मला वाटलं, झालं, कळलं! पण तो जागा झाला, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मिस लॉरीन, टॉवेल ओले राहिलेत." मला रडू आलं असतं, पण मी नुकतीच वाळले होते.

हंगाम संपला आणि एमेटनं दुसऱ्या कॉलेजात बदलून जाण्यासाठी नाव दिलं. ही बातमी जेवणाआधी सगळीकडे झाली. जेवण संपेपर्यंत त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी गेली होती, मागे नुसता डिंकाचा डाग राहिला. कालपर्यंत ज्यांच्यासाठी तो चेंडू फेकत होता, ती पोरं बुटांच्या नाड्या बांधत बसली. त्या दिवशी सगळ्यांच्याच नाड्या फार वेळ सुटत होत्या. ऑरेगनमधल्या एका कॉलेजानं त्याला घेतलं. सामान गाडीत गेलं. उरलं ते परत करायचं सामान, म्हणजे हेल्मेट, खांद्याचं कवच आणि मी. हात भरलेले, कोट गाडीत, बाहेर बोचरा वारा. म्हणून त्यानं मला स्वेटरवरून चढवलं आणि आधी तो कोचच्या खोलीत गेला.

कोच पडद्यावर जुना सामना बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"निघतोय मी, कोच."

"हं. गेटवर किल्ली देऊन जा."

एमेट हलला नाही. पडद्यावर तोच धावत होता, दुसऱ्या वर्षीचा. कोच म्हणाले, "मी तुला फार मऊ ठेवलं. तिथेच चुकलं माझं."

"मऊ नाही ठेवलंत, कोच," एमेट म्हणाला. त्याचा आवाज मला छातीवर लागत होता. "एकटं ठेवलंत. माझ्या आईला काय सांगून आणलं होतंत मला?"

कोच उठले. त्यांचा हात माझ्या खांद्याच्या दिशेनं निघाला. मी वाट पाहिली. पण तो हात मध्येच टेबलावर उतरला आणि कागद सारखे करू लागला. "दार ओढून घे जाताना," ते म्हणाले. कोच दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांना पोरांना फक्त मैदानावरच हाक मारता येत होती. एमेटनं दार ओढून घेतलं.

लॉरीननं हेल्मेट घेतलं, कवच घेतलं. मी अजून एमेटच्या अंगावरच होते. "मलाकाईला भेटलास?" तिनं विचारलं.

"त्याला काय भेटायचं? त्यानं मला भेटून घेतलंय, पुरेपूर."

लॉरीननं कवच धाडकन खाली ठेवलं. "टोमॅटोच आहेस खरा, आत नुसतं पाणी! त्याची बोटं कशानं मोडली असं वाटतं तुला? पट्टी बांधायला माझ्याकडेच आला होता तो. तुझं डोकं आणि जमीन यांच्या मध्ये सापडली ती. कुणाला सांगू नका म्हणाला, म्हणून मी तोंडाला कुलूप लावून बसले. पण आता तू चाललास. गेलं खड्ड्यात ते कुलूप."

 एमेटचा हात हळूच मानेमागे गेला. आणि तो पळाला, मित्रांनो! चेंडू हातात नसताना त्याला इतकं जोरात पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मलाकाई सरावाच्या मैदानावर एकटाच होता, आखणीचे शंकू गोळा करत, डाव्या हातानं.

"बोललास का नाही?" एमेट लांबूनच ओरडला.

मलाकाई गोंधळला. मग काय ते त्याच्या ध्यानात आलं. "काय बोलू? पाडलं तर मीच ना तुला."

"हळू धावायचं होतंस!"

"हळू धावलो असतो तर कोचनी पुन्हा पाडायला लावलं असतं. मग पुन्हा. मला एकदाच करायचं होतं ते." त्यानं शंकू खाली ठेवले. "तुझ्याकडे रोज यायचो मी, दारापर्यंत. पण तू तोंड फिरवायचास. मलाही वाईट वाटतं रे. माझा आकार बघून लोकांना वाटतं, याला काही लागत नाही."

एमेट जवळ गेला. आणि मलाकाईनं काय करावं? सवयीनं दोन्ही हात वर केले. "लाल आहे अंगावर," तो म्हणाला.

"अरे गाढवा, मी आता इथला कुणी नाही," एमेट म्हणाला आणि रडू लागला.

मग मलाकाईनं त्याला मिठी मारली. काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी घाम सोसला, साबण सोसला, कॅन्ससचं ऊन सोसलं, पण असं काही माझ्यावर कधी आलं नव्हतं. माझी खांद्याची शिवण टर्रकन उसवली. मी हसत होते. ते दोघं रडत होते. वारा आमच्या तिघांभोवती घुटमळत होता आणि बराच वेळ कुणी कुणाला सोडलं नाही.

एमेट ऑरेगनला गेला. मला लॉरीनच्या हातात देऊन गेला. तिनं सुई घेतली, उसवलेली शिवण बघितली आणि सुई परत ठेवून दिली. फाटलेली जर्सी क्वार्टरबॅकला चालत नाही, म्हणून मी आता चिखलाचे चेंडू पुसते. रोज शंभर हात माझ्यावरून फिरतात. मजेत आहे मी.

पण कधी कधी दुपारी, टॉवेलांच्या गरम ढिगाशेजारी पडलेली असताना, मला तुमची आठवण होते. तुमच्या वर्गातही असा एखादा लाल जर्सीवाला असेल. हुशार, लाडका, सगळ्यांनी जपलेला. त्याच्या चुकांवर सगळ्यांचे डोळे असतील, त्याच्या शेजारची जागा मात्र रिकामी असेल. तिथे जाऊन बसा. आणि तो जिंकला, हरला किंवा तुम्हाला सोडून निघाला, तरी त्याच्या पाठीवर हात ठेवा. घाबरू नका, तो मोडणार नाही.