कच्च्या लिंबाचे दोन एक्के

भालचंद्र चिंचोळकरांना पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही, असं त्यांच्या दोन्ही लेकरांचं ठाम मत होतं. ते मत तयार करायला भालचंद्ररावांना दीड वर्ष लागलं होतं.

एरवी हा गडी पत्त्यांत मुरलेला. मलकापुरात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं कारकुनी केली, आणि ड्यूटी संपली की क्वार्टरच्या ओट्यावर शेंगदाणे लावून तीन पत्ती. समोरच्यानं नुसता आवंढा गिळला तरी त्याच्या हातात काय आहे ते भालचंद्रराव ओळखायचे. सगळ्यांचे शेंगदाणे संपायचे आणि हे ओंजळभर घरी घेऊन यायचे. शैलजाबाई त्यांचं कूट करून खिचडीत घालत आणि म्हणत, "आज कोणाचं लुटून आणलं?"

शैलजाबाई गेल्या. तिसऱ्या महिन्यात पुण्याच्या विहंगनं बाबांच्या फोनवर पोकरचं ॲप टाकून दिलं. पैशाचा खेळ नाही, नुसत्या खोट्या चिप्स. दर रविवारी पाच वाजता तिघांची टुर्नामेंट, बाबा, विहंग आणि नाशिकची श्रद्धा. कॉल चालू ठेवून खेळायचं, म्हणजे गप्पाही होतात. खेळ सोपा होता. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये आधी तीन आणि मग एकेक करत पाच पानं उघडतात, आणि आपलं पान भारी वाटलं तर चिप्स लावत जायचं. चिप्स संपल्या की तो बाद.

पहिल्या रविवारी भालचंद्ररावांनी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला, चष्मा पुसला आणि इमानदारीत खेळले. पंधरा मिनिटांत श्रद्धा बाद झाली. "चला, ओवीचा अभ्यास घ्यायचाय," म्हणून ती लेकीकडे गेली. आणखी पाच मिनिटांत विहंग. "भारी खेळलात बाबा, ठेवू?" पाच वीसला घरात पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पडद्यावर सोनेरी करंडक फिरत होता आणि सगळ्या चिप्स त्यांच्या नावावर होत्या. एवढी मोठी संध्याकाळ आता कुठं ठेवायची, हे काही त्यांना कळेना.

त्या दिवशी त्यांना खेळाचा खरा नियम कळला. जो बाद होतो तो उठून जातो.

पुढच्या रविवारपासून भालचंद्रराव कच्चं लिंबू झाले. हातात दोन राजे आले तरी "काय पानं येतात राव!" म्हणून टाकून द्यायचे. कुणाच्या चिप्स कमी झाल्या की मुद्दाम त्याच्याकडून हरायचे. स्वतः बाद झाले तरी काही बिघडत नव्हतं, त्यांना कुठं जायचं होतं? ते कॉलवर बसून राहत. बहीण-भाऊ पत्त्यांवरून भांडत, लहानपणीची उणीदुणी काढत, मध्येच "बाबा, आहात ना?" असं विचारत. "हाव, आहो ना," म्हणताना यांना इतकं बरं वाटे की जिंकण्यात काय ठेवलंय असं होई. खेळ सातपर्यंत चाले. एकदा तर साडेसात वाजले.

आणि मग गुरुवारी श्रद्धाचा फोन आला.

"बाबा, मी आणि विहंग बोलत होतो. तुम्ही दर वेळी हरता, आणि आमच्यासाठी बिचारे बसून राहता. कंटाळत असाल ना? या रविवारी शेवटचा खेळू, मग बंद करू. उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला बाई," भालचंद्रराव म्हणाले.

शेजारी जहांगीरभाईंचं शिलाईचं दुकान. दोघं जुने पत्तेबाज. भालचंद्ररावांनी मशीनजवळच्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. जहांगीरभाईंनी दाभणासारखी सुई दातांतून काढली.

"तुमी दीड साल हरून राह्यले? आन् त्यायले वाटते तुमाले खेळता येत नाही?"

"हाव."

"मंग जिता ना एक बार! हरून हरून दया आली त्यायले. दया आली की माणूस भेटाले येत नाही, फकत चौकशी करते."

हे भालचंद्ररावांना पटलं. हात दाखवला तर पोरं म्हणतील, बाबांना मजा येते, चालू राहू द्या. रविवारी त्यांनी कडक चहा घेतला आणि डब्याला फोन टेकवला. आज दीड वर्षाचं सोंग टाकायचं होतं, नाहीतर रविवार हातचा जाणार होता.

श्रद्धा चाळीस मिनिटांत बाद झाली. ती कशी बाद झाली ते तिला कळलंसुद्धा नाही. "अगं बाई, बाबांनी मारलं मला! बरंच झालं, ओवीला क्लासला सोडायचंय. विहंग, सांभाळून हं," म्हणत गेली. राहिले दोघे.

तेवढ्यात पानं आली. बदामाचा एक्का आणि इस्पिकचा एक्का. याहून भारी दोन पानं या खेळात नाहीत. दुसरा कुणी असता तर त्यानं लगेच ढीगभर चिप्स लावल्या असत्या आणि समोरच्यानं घाबरून पानं टाकली असती. भालचंद्ररावांनी सुस्कारा सोडला आणि लावायला लागतील तेवढ्याच लावल्या.

मध्ये तीन पानं उघडली, एक्का, राजा, चौकी. यांचे तीन एक्के झाले. विहंगनं चिप्स लावल्या.

"हे वाढवाचं बटन कोणतं रे? उजवीकडचं का?"

"राहू द्या बाबा, नुसतं कॉल दाबा."

"बरं बापा," म्हणून त्यांनी नुसतं कॉल दाबलं, म्हणजे विहंगएवढ्याच चिप्स लावल्या. आता आवाजात कापरं आणायचं कामच नव्हतं, ते आपोआप येत होतं.

चौथं पान पुन्हा राजा. विहंगचा श्वास एकदम थांबला. पुण्यापासून मलकापूरपर्यंत तो थांबलेला श्वास भालचंद्ररावांना ऐकू आला. याच्याकडे राजा आहे, आणि बहुतेक चौकी. पोरगं लहानपणीही असंच करायचं, चिंचा लपवल्या की श्वास धरून उभं राहायचं. विहंगनं होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स लावल्या. आणि मग थोड्या वेळानं म्हणाला, "बाबा, खरं सांगतो, टाका पानं. माझ्याकडे खूप मोठं आहे. उगाच हराल."

भालचंद्ररावांना भरून आलं. जिंकायच्या तोंडावर पोरगं बापाला वाचवायला निघालं होतं. त्यांना वाटलं, टाकावीत पानं. पण मग पुढचा रविवार?

"लावून पाहतो," ते म्हणाले. "शेवटलाच तं डाव."

पाचवं पान छक्की. दोघांची पानं उघडी झाली. विहंगचे तीन राजे, दोन चौक्या. बाबांचे तीन एक्के, दोन राजे.

 विहंग ओरडलाच, "बाबा, तुम्ही मले फसवलं!"

मले! नऊ वर्षं पुण्यात 'मला, मला' करणाऱ्या पोराच्या तोंडून घरचा शब्द निसटला होता. तो पोट धरून हसत होता. भालचंद्ररावही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तुम्हाला येतं? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतके दिवस हरत काऊन होते?"

भालचंद्ररावांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तुम्ही उठून जाता म्हणून. अरे, घर खायला उठतं म्हणून. आता दाखवायचं एवढं एकच पान शिल्लक होतं. पण लपवायची सवय वाईट. दीड वर्ष जे केलं तेच केलं.

"असंच. गंमत," ते म्हणाले.

"कमाल आहे! आणि आम्ही दोघं समजत होतो तुम्हीच कच्चं लिंबू. बाबा, आमच्यात खेळून तुम्ही वाया चाललात. थांबा एक मिनिट." पलीकडे बोटांची टकटक झाली. "झालं. याच ॲपवर रविवारी पाचला मोठी टुर्नामेंट असते. फुकट. दोन हजार खेळाडू! तुमचं नाव टाकलं, दर आठवड्याचं. मस्त वेळ जाईल तुमचा. खरं सांगू? मला आणि श्रद्धाला तुमची फार काळजी वाटायची. आता नाही वाटत. ठेवू?"

"ठेव," भालचंद्रराव म्हणाले.

पुढच्या रविवारी पाच वाजता त्यांनी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवला. सवयीनं आवाजही मोठा केला, पण या टेबलावर बोलणं नव्हतं. नऊ जण गोल बसले होते, कुणाचं नाव लकी_७७, कुणाचं सोलापूर_का_शेर. लिहायला एक बारीक चौकोन होता. भालचंद्ररावांनी एका बोटानं लिहिलं, 'नमस्कार. चहा झाला का सर्वांचा?' बऱ्याच वेळानं कुणीतरी अंगठा पाठवला.

सहाव्या डावाला त्यांच्या हातात दोन राण्या आल्या. सोलापूर_का_शेर याच्याजवळ मोजक्या चिप्स उरल्या होत्या. त्यानं घाईनं त्या सगळ्या लावल्या. इतक्या घाईनं, की त्याच्याजवळ काहीच नाही हे आंधळ्यालाही कळावं. बाकीच्यांनी पानं टाकली. आता फक्त भालचंद्ररावांनी बटन दाबायचं, की तो उठून जाणार.

भालचंद्ररावांनी दोन्ही राण्या टाकून दिल्या.

"बस बापा," ते फोनला म्हणाले, "इतक्या लवकर कुठं चालला."