उन्हात घातलेलं चीज

१९३४ च्या वैशाखात कान्हा मुंबईहून आगबोटीने श्रीवर्धनला उतरला, तेव्हा त्याच्या वळकटीत दोन धोतरं आणि चीजचा एक डबा होता. कुलाब्याच्या एका साहेबाकडे तो स्वयंपाकी होता. क्षय झाल्याचं कळलं, तसं साहेबाने घरी पाठवलं. डबा मडमेने दिलेला.

घरी आईच्या, रंगूच्या हातचं काही घशाखाली उतरेना. भाकरी टोचायची, मासळीच्या वासाने उमळून यायचं. मग त्याने डबा फोडायला सांगितला. गरम पेजेत चिमूटभर चीज घालून ढवळायचं, विरघळलं की प्यायचं. रंगूला त्या चीजचा साबणासारखा वास यायचा. पण पोराने वाटी संपवली आणि तिची तक्रार सरली. साहेबाकडे हे अंड्यात घालतात, बटाट्यात घालतात, पावावर ठेवून भाजतात, असं तो पडल्या पडल्या सांगायचा. सगळ्यात हेच घालतात तर तू रांधत काय होतास, असं ती विचारायची आणि तो खोकत हसायचा.

एका सकाळी चीजवर हिरवी बुरशी दिसली. रंगूने डबा उजेडात नेऊन पाहिला. दुसरा डबा मुंबईखेरीज मिळणार नव्हता आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. अंगणात आंबोशी, आमसुलं, सुकट वाळत होती. टिकवायचं ते मीठ लावून उन्हात घालायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने बुरशी खरवडली, विळीवर काप केले, मीठ चोळून सुपात पसरले आणि कावळे हाकत बसली. कापांना तूप सुटलं, तेही तिने फडक्याने टिपून घेतलं. काप खडखडीत वाजायला लागले, तेव्हा पावसाळ्याची बेगमी झाली म्हणून तिने शेजारणीला सांगितलं.

संध्याकाळी पेजेत एक काप टाकला. विरघळेना. उकळी आणली, तरी तो चामड्याच्या तुकड्यासारखा तसाच राहिला. कान्हाने वाटीत पाहिलं, मग आईकडे. काप उचलून तोंडात घातला.

"बरा लागतो का रं?"

"झकास, आये."

पेज मात्र त्याने घेतली नाही. पोट भरलं म्हणाला. बऱ्याच वेळाने ती त्याचं तोंड पुसायला गेली, तर बोटाला गालातला काप लागला. अख्खा.

"थुक रं बाबा. माज्याच हातानं नासला."

"ऱ्हाऊ दे, आये. चव हाय त्याला."

तिने बोट मागे घेतलं आणि त्याची हनुवटी तळहातात धरून बसली. चावायचंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.